जाळीपलीकडची अंडी

तानीबाईने खोक्यातल्या भुश्शात हात घातला, कोमट अंडी चाचपून उचलली आणि पदरात घेतली. कोंबडी अजून तिथेच बसून होती. तिने मान तिरकी करून एका डोळ्याने तानीबाईकडे बघितलं.

"बघतीस काय? पोरीसाठीच चाललंय," तानीबाई पुटपुटली.

शेडच्या मधोमध आडवी जाळी ताणलेली होती. तिचं दार कोपराने ढकलून तानीबाई वाकून पलीकडे गेली. पदरातली अंडी तिकडच्या ट्रेमध्ये, बाकीच्या अंड्यांच्या मध्ये, बेमालूम बसवली. एक अंडं जरा मळकं होतं, ते तिने पदराने पुसलं. मग मागे वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. बाहेर हमरस्त्यावर ट्रकांची रांग कोगनोळीच्या सीमानाक्याकडे सरकत होती, आणि मायाप्पा, तिचा नवरा, हौदावर पाण्याची भांडी घासत होता. भांड्यांच्या आवाजावरून तो अजून तिकडेच आहे हे तिला समजत होतं.

जाळी त्यांच्या मुलीने, मैत्रीने घातली होती. मैत्री जनावरांची डॉक्टर झाली आणि बेळगावात एका खाद्य कारखान्यात लागली. तिथे दिवसभर मका आणि सोयापेंडीची पोती तपासताना तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळायला लागली. कोंबड्यांच्या खाद्यात कारखान्याच्या पुड्या घालण्याऐवजी शेतातलं, परसातलं काही घातलं तर? तिने शेवग्याचा पाला सावलीत वाळवला. ओवा आणि हळद कुटली. शेजारच्या मनुबाईकडून दसऱ्यानंतर उरलेला झेंडू आणून त्याच्या पाकळ्या वाळवल्या. सगळं ठराविक मापाने एकत्र करून तिने एक हिरवट-पिवळी भुकटी केली. घरभर असा वास सुटला की मायाप्पाने पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, मैत्रीचा मसाला.

जाळीच्या दोन्ही बाजूंची नावंही त्यानेच ठेवली. उत्तरेकडचा भाग महाराष्ट्र, दक्षिणेकडचा कर्नाटक. मसाला कोणाला द्यायचा हे मैत्रीने चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि तो कर्नाटकाला गेला.

"तिकडं जेवणाला मसाला आणि इकडं अळणी. आता मोर्चा निघंल बघ," मायाप्पा म्हणाला होता.

हे सगळं नुसत्या हौसेसाठी नव्हतं. दूर तमिळनाडूत, नामक्कलला, एका मोठ्या पोल्ट्रीच्या संशोधन विभागाने मैत्रीला मुलाखतीला बोलावलं होतं. तिथे तिने आपल्या भुकटीबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, कल्पना चांगली आहे, तीन महिने करून बघा, आकडे घेऊन या, मग जागेचं बोलू.

म्हणून घरच्या दोनशेच्या आसपास कोंबड्या दोन भागांत वाटल्या गेल्या. आठवडाभर मैत्री बेळगावात असे. सकाळची अंडी तानीबाई गोळा करायची, दुपारनंतरची मायाप्पा. दोन्हीकडचे ट्रे वेगवेगळ्या फळ्यांवर. संध्याकाळी ट्रे मोजून फोनवर मैत्रीला आकडे सांगायचे. शनिवारी मैत्री यायची, अंड्यांचं वजन करायची, टरफलं तपासायची, आणि सोमवारी ती अंडी निपाणीच्या दुकानांत जायची.

पहिला महिना छान गेला. कर्नाटक पुढे होतं, फार नाही, पण रोज थोडं थोडं. मैत्री फोनवर खुशीत असे. एका शनिवारी जेवताना ती म्हणाली, "आप्पा, असंच राहिलं तर मी नामक्कलला गेलेच म्हणून समजा."

"जा की. कोंबडीच्या गावालाच चाललीस म्हनायचं," मायाप्पा म्हणाला, आणि त्याने आणखी एक भाकरी मागितली.

तानीबाईने मात्र त्या दिवशी हात धुतल्यावर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं. तिची तरुणपणाची सगळी वर्षं निपाणीत तंबाखू चाळण्यात गेली होती. मायाप्पाची तंबाखूची पोती वाहण्यात. नाकातोंडात जाणारी ती धूळ, संध्याकाळी पदर झटकला की उठणारा तो खोकला. आपली पोरं ह्या वासापासून जितकी लांब जातील तितकं बरं, एवढंच तिला तेव्हा कळत होतं. दीपंकर, थोरला, बेंगळुरूला गेला. आता मैत्री त्याच्याही पुढे जाणार होती. लांब म्हणजे चांगलं, हा तानीबाईचा हिशेब सरळ होता.

आणि मग पुढच्याच आठवड्यापासून आकडे बिघडले. कर्नाटक आणि महाराष्ट्र एका पातळीवर आले.

मैत्री फोनवर नुसती "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" तानीबाईच्या काळजात रुतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने महाराष्ट्रातली दोन अंडी उचलून कर्नाटकात नेली.

आश्चर्य म्हणजे संध्याकाळी मोजलं तर पुन्हा बरोबरी. तानीबाईने मग तीन नेली, मग चार. तरी बरोबरी. एवढी अंडी पलीकडे नेऊनही आकडा वर सरकत नाही म्हणजे पोरीच्या भुकटीने कोंबड्यांची अंडी कमीच होतायत, ह्या विचाराने तिची झोप उडाली. हे मैत्रीला कळता कामा नये म्हणून ती आणखी नेटाने अंडी नेऊ लागली. रोज सकाळी पदर जड होत गेला.

*

तीन महिने भरत आले त्या शनिवारी मैत्री आली ती पाठीवरची पिशवीही न उतरवता थेट शेडमध्ये गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. तानीबाई चहाचा कप घेऊन गेली तेव्हा ती खाद्याच्या पोत्यावर बसून भुकटी बोटांत चोळत होती, हुंगत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाला जास्त दिवस ठेवला की काय, कळत नाही. पहिल्या महिन्यात चांगलं चाललं होतं."

"कोंबडीचं काय घेऊन बसलीस. आज घालतीया, उद्या न्हाय."

"इतक्या कोंबड्या एकदम ठरवून थांबत नाहीत, आई." मैत्रीने हात झटकले. हळदीचा पिवळा रंग बोटांवर राहिला. "आणि दोन्हीकडे रोज इतकं सारखं कसं येतंय? सारखं म्हणजे अगदीच सारखं."

तानीबाईने कप तिच्या हातात दिला आणि एका कोंबडीला उगाचच हाकललं.

मायाप्पा दारात उभा होता. तो म्हणाला, "बरोबरी म्हंजे वाईट न्हाय. कुनी हारलं न्हाय. दोन्ही राज्यं खुश."

मैत्री हसली, पण नेहमीसारखी नाही. सोमवारी नामक्कलला आकडे कळवायचे होते. चहा घेता घेता ती म्हणाली, "जे आहे ते कळवते. अंड्यांत फरक नाही म्हणून सांगते. बलकाचा रंग तरी चांगला आलाय, त्याचा फोटो पाठवते. इथंच राहीन मग बेळगावात. काय वाईट आहे?"

"काय बी वाईट न्हाय," मायाप्पा पटकन म्हणाला.

तानीबाईने त्याच्याकडे रागाने बघितलं.

*

रविवारी सकाळी मनुबाई आली. शेजारच्या झेंडूच्या मळ्याची मालकीण. तिचे मारुतीराव माळकरी, घरात अंडं शिजत नसे, आणि मनुबाईला ऑम्लेटची विलक्षण आवड. म्हणून दर रविवारी झेंडूचं किंवा भाजीचं काही निमित्त काढून ती तानीबाईकडे येई, शेडच्या पडवीत चुलीजवळ बसे आणि दोन अंड्यांचं, मिरची जास्त घातलेलं ऑम्लेट खाऊन, तोंड खळखळून धुऊन, बडीशेप चघळत घरी जाई. मारुतीरावांना हे माहीत होतं की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं.

"आज लवकर कर गं तानीबाई. मारुतीराव कडोलीला गेल्यात, दुपारचं येनार," ती पाटावर टेकत म्हणाली.

तानीबाईने तवा ठेवला. तेवढ्यात मैत्री आतून दोन पांढऱ्या बशा घेऊन आली.

"काकू, आज तुमचं ऑम्लेट मी फोडते. आधी बलकाचा फोटो काढायचाय. कर्नाटकाचा एका बशीत, महाराष्ट्राचा दुसरीत. मग दोन्ही तुमचे."

"मला काय, दोन्ही राज्यांचं चालतंय."

"थांब, ताजी आनतो," मायाप्पा उठत म्हणाला.

"ताजी नकोत, आप्पा. मी आले की दर वेळी रविवारची ताजीच फोडते. ह्या वेळी आठवड्यातली घेते, शुक्रवारची." आणि तिने हात लांब करून फळीवरून दोन ट्रे ओढले.

तानीबाईच्या हातातला कांदा अर्धा चिरलेला तसाच राहिला. अंडं बाहेरून सारखंच दिसतं, ह्यावर तिने सगळी भिस्त ठेवली होती. आत काय असतं ह्याचा विचार तिने एकदाही केला नव्हता. मसाला खाणाऱ्या कोंबड्यांचा बलक झेंडूसारखा गर्द केशरी येतो, आणि अळणी खाणाऱ्यांचा, तांदळाच्या कणीवर पोसलेल्यांचा, फिकट पिवळा. हे गेले कित्येक रविवार ती स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती.

"आगं, आजची घे की. ही जुनी झाल्यात," ती म्हणाली.

"दोन दिवसांत काय होतंय त्यांना?"

मैत्रीने कर्नाटकाच्या ट्रेतलं अंडं बशीच्या काठावर टिचकवलं. गर्द केशरी बलक बशीत पसरला. मनुबाई कौतुकाने पुढे वाकली.

"माझाच झेंडू हाय त्यो," ती म्हणाली.

मैत्रीने दुसरं फोडलं. केशरी. तानीबाईचा श्वास जरा मोकळा झाला. मैत्रीने तिसरं फोडलं.

फिकट पिवळा बलक दोन केशरी बलकांच्या मध्ये येऊन बसला.

मैत्रीने बशी उजेडात धरली, खाली ठेवली, आणखी एक अंडं फोडलं. फिकट. आणखी एक. केशरी. आणखी एक. फिकट. तवा तापून धूर सोडायला लागला होता.

"ही अंडी कर्नाटकातली नाहीत," मैत्री हळूच म्हणाली. तिने मान वर केली. "आई?"

तानीबाईने कांदा खाली ठेवला, सुरी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

"मी आनली. पलीकडनं," ती म्हणाली. "रोज सकाळी. तुझं आकडं पडायला लागलं म्हनून. तुला जायला मिळावं म्हनून गं. आतल्या रंगाचं माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

मनुबाईने तोंडावर हात घेतला, पण हसू बोटांच्या फटींतून बाहेर आलंच. "आगं बाई! तिकडं नाक्यावर येवढं चेकिंग असतंय, आन हितं सरळ पदरातनं माल चाललाय व्हय!"

मैत्रीला रागवायचं होतं. तिने रागवायला तोंडही उघडलं. मग बशीतल्या त्या ठिपक्याठिपक्यांच्या बलकांकडे तिची नजर गेली आणि तिला हसू फुटलं.

"किती नेत होतीस?"

"आधी दोन. मंग... पदरात मावतील तेवढी."

"आणि तरी आकडे सारखेच आले?"

"त्येच तर. म्हनून तर मला घोर लागला."

मैत्रीचं हसू थांबलं. ती विचारात पडली. आईने इतकी अंडी आणूनही कर्नाटक पुढे गेलं नाही, म्हणजे भुकटीने अंडी खरोखरच घटली होती. म्हणजे फरक नाही एवढंच नव्हे, तोटाच. तिचा चेहरा उतरला. काहीतरी करायचं म्हणून तिने दुसरा ट्रे पुढे ओढला, महाराष्ट्राचा, आणि त्यातलं एक अंडं दुसऱ्या बशीत फोडलं.

गर्द केशरी.

तिने दुसरं फोडलं. केशरी. तिसरं फिकट. चौथं केशरी.

"आई, तिकडचीही इकडे आणलीस का?"

"न्हाय." तानीबाई पुढे आली, बशीत वाकून बघू लागली. "शपथ घेते. मी इकडचं तिकडं नेलं. तिकडचं इकडं कशाला आनू? येडी हाय व्हय मी?"

"मग ही आली कुठून?"

तव्यावरचा धूर वर जात होता. मनुबाईने पहिल्यांदा तानीबाईकडे बघितलं, मग मैत्रीकडे, आणि मग सावकाश तिघींच्याही नजरा एकाच दिशेला वळल्या.

मायाप्पा उठला. धोतराचा सोगा झटकला.

"पान्याची भांडी बघून येतो," तो म्हणाला, आणि हौदाकडे चालायला लागला.

*

मैत्री गेली तेव्हा तो खाली मान घालून काथ्याने भांडं घासत होता. भांडं आधीच स्वच्छ होतं. ती समोर उकिडवी बसली आणि दुसरं भांडं ओढून घेतलं.

पडवीतून तानीबाईचा आवाज येत होता. ती मनुबाईला सगळं पहिल्यापासून सांगत होती, आणि मनुबाई मधूनमधून "व्हय?", "आन मंग?" म्हणत हसत होती.

"आप्पा."

"हं."

"कधीपासून?"

मायाप्पाने भांडं उन्हात धरून बुडाशी बघितलं. "ह्ये बघ, शेवाळ लई धरतंय हितलं पानी."

"त्या जेवणानंतर ना? मी नामक्कलला चाललेच म्हटलं तेव्हापासून."

त्याने भांडं पालथं घातलं, पुन्हा उलटं केलं.

"नामक्कल म्हंजे," बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बेंगळुरूच्या पुढं व्हय?"

"बेंगळुरूपर्यंत रात्रीची गाडी. मग पुढे निम्मा दिवस."

"दीपंकर बेंगळुरूपत्तूरच हाय," मायाप्पा म्हणाला. "त्यो म्हनत्योय दर महिन्याला येतो." त्याने पाण्यात हात बुडवला. "येतोय म्हना. सणाला येतोय."

मैत्री काथ्या फिरवत राहिली. दीपंकर गेला तेव्हा आप्पा किती आनंदाने स्टँडवर आले होते ते तिला आठवलं. सगळ्या गावाला पेढे वाटले होते. त्यानंतरच हे शेड बांधायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. घरात जीव असला पाहिजे, म्हणाले होते.

"तुम्ही 'जा की' म्हणालात त्या दिवशी," ती म्हणाली.

"मंग काय म्हनू? जाऊ नको म्हनू?" तो एकदम वर बघत म्हणाला. त्याचे डोळे पाणावले नव्हते, उलट त्यांत एक ओशाळं, खोडकर काहीतरी होतं. "बापानं तसं म्हनायचं नसतंय. म्हनून कोंबड्यांकडनं म्हनवून घेतलं."

मैत्रीला हसू आवरेना. तिने ओल्या हातानेच तोंड झाकलं आणि खांदे हलेपर्यंत हसली. मायाप्पा भांड्यात बघत राहिला. तोही हसत होता, पण आवाज होऊ देत नव्हता.

हसता हसताच मैत्रीला उमगलं. आप्पांनी कर्नाटकातली अंडी महाराष्ट्रात नेली म्हणून आकडे पडले. ते सावरायला आईने महाराष्ट्रातली कर्नाटकात नेली. आईने वाढवली तशी आप्पांनीही, दुपारी ट्रे बघून, बरोबरी होईल एवढी वाढवली. ह्या दोघांच्या ओढाताणीत भुकटीचा काही दोषच नव्हता. पहिल्या महिन्यात जे दिसलं होतं ते खरं असण्याची शक्यता होती. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि तिने नकळत बापाच्या पाठीवर थाप मारली. तिथे ओला पंजा उमटला.

"आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार, आप्पा."

"किती दिवस?"

"तीन महिने."

"तीन?" मायाप्पा भांड्यावर आणखी वाकला.

"हसू नका."

"हसतोय कुठं?"

*

मैत्रीने सोमवारी नामक्कलला फोन केला आणि जे झालं ते इंग्रजीतून जसंच्या तसं सांगितलं. तिची मुलाखत घेणाऱ्या मॅडम इतका वेळ हसत राहिल्या की मैत्रीने फोन कानापासून लांब धरला. मग त्या म्हणाल्या, मी पहिल्यांदा घर सोडून निघाले तेव्हा माझ्या आईने माझ्या बॅगेतून तिकीट काढून तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. घ्या तीन महिने. पण अंडी गोळा करायला घरातलं माणूस नको.

म्हणून ते काम मनुबाईकडे आलं. मनुबाईने ते फारच मनावर घेतलं. जाळीच्या दाराला तिने कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. सकाळ-संध्याकाळ ती शेडमध्ये शिरायची तेव्हा तानीबाई आणि मायाप्पा दोघांनाही बाहेर बाकावर बसवायची.

"हात दिसू देत," ती आतून ओरडायची. "दोघांचंबी."

"आमच्याच घरात आमालाच कोंडलंय की हिनं," मायाप्पा कुरकुरायचा. पण बाकावर बसून दोघं काय करणार? बोलायला लागली. इतक्या वर्षांत एकत्र नुसतं बसायची वेळच आली नव्हती. सुरुवातीला तानीबाई त्याला अंड्यांवरून टोमणे मारायची. मग एकदा तिने विचारलं, "मला एकदा सांगायचं तरी."

"तू तर तिला धाडायला बसलीवतीस."

"व्हय. मी तिला धाडत हुते." तानीबाई रस्त्याकडे बघत म्हणाली. "म्हंजे मला काय आनंद हुता व्हय?"

मायाप्पाने तिच्याकडे बघितलं. मग तिच्याचसारखं रस्त्याकडे बघत बसला. आतून मनुबाई एका कोंबडीशी भांडत होती.

उन्हाळा कडक निघाला. खोक्यांवर ओली पोती टाकावी लागली. उन्हात सगळीकडेच अंडी कमी होतात, तशी इथेही झाली, पण मसाला खाणाऱ्या कोंबड्यांची घट जरा कमी होती. टरफलं घट्ट राहिली. फुटीचं प्रमाण उतरलं. फार मोठा फरक नव्हता. मैत्रीने जेवढा होता तेवढाच कळवला, आणि पहिल्या तीन महिन्यांत काय गोंधळ झाला तेही एका ओळीत लिहिलं.

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. जागा तिची होती. त्या म्हणाल्या की आकड्यांपेक्षा त्या एका ओळीमुळे तिथल्या सगळ्यांना तुला बघायची उत्सुकता आहे.

पेढे ह्या खेपेला मनुबाईने वाटले. मारुतीरावही एक पेढा घ्यायला आले. जाताना तानीबाईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "पोरगी गेली तरी रविवारचं आमच्या मनुबाईचं बंद करू नका. घरात मिरचीवरनं कटकट करती मंग."

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी मैत्री पडवीत बसली होती. पिशवी भरून झाली होती. चाचणी संपल्यापासून कोंबड्या दिवस कलला की आवारात सोडल्या जात, आणि आता त्या कुंपणाच्या कडेने माती उकरत पांगल्या होत्या. मायाप्पा शेवग्याच्या फांद्यांचा पाला ओरबाडून चादरीवर पसरत होता. मैत्रीने सांगून ठेवलं होतं, पाला सावलीतच वाळवायचा, मापं बदलायची नाहीत. त्याने सगळं दोनदा विचारून घेतलं होतं.

मैत्री फोनकडे बघत काहीतरी पुटपुटत होती.

"काय गं?"

"तमिळ शिकते थोडं. तिथे शेडवर काम करणाऱ्यांना दुसरं काही येत नाही म्हणे."

"आन कोंबड्यास्नी?"

"त्यांनाही तमिळच येत असणार."

मायाप्पाने पाला पसरायचं थांबवलं. "मंग तिकडं कोंबडीला 'ये' म्हनायचं झालं तर काय म्हनायचं?"

मैत्रीने फोन बघितला नाही. हे तिला येत होतं. "वा."

"काय?"

"वा. वा म्हणजे ये."

"नुसतं वा?"

"नुसतं वा."

मायाप्पाने तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा फिरवून बघितला. मग हात झटकून उठला, कण्यांचा डबा काखेत मारला आणि आवाराच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. ऊन पिवळं झालं होतं. तानीबाई चुलीजवळून मान वर करून बघू लागली.

त्याने घसा खाकरला.

"वा," तो म्हणाला. जरा लाजत, जसा कोणी नवीन सदरा घालून बाहेर येतो तसा. कोंबड्यांनी लक्ष दिलं नाही. त्याने मूठभर कण्या फेकल्या आणि आवाज मोठा केला. "वा! वा! वा!"

कुंपणाच्या कडेच्या कोंबड्यांनी माना वर केल्या. मग पंख अर्धे पसरून, एकमेकींना ढकलत, सगळ्या आवारातून त्या त्याच्याकडे धावत सुटल्या.

"कळतंय की गं त्यास्नी," मागे वळून न बघता मायाप्पा म्हणाला.

कण्या फेकत, मागे मागे सरकत तो त्यांना शेडकडे घेऊन गेला. पायांतून वाट काढत कोंबड्या आत शिरत राहिल्या. शेवटची आत गेली, तिच्यामागे त्याने दार लोटलं, कडी घातली.

आवार रिकामं झालं होतं. दाराला पाठ टेकून मायाप्पा डबा हातात घेऊन उभा राहिला, आणि त्याने आणखी एकदा, हळू आवाजात, म्हणून बघितलं.

"वा."